नांगराने वळसा घातलेल्या गढ्या

किल्ला म्हटला की आपल्याला बुरूज आणि तोफा आठवतात. आयर्लंडमधले बहुतेक जुने किल्ले तसले नव्हेत. त्या शेतकऱ्यांच्या गढ्या होत्या! तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी तिथला शेतकरी घराभोवती मातीचा गोल बांध घाली, बाहेरून चर खणी. खडकाळ मुलखात बांधाऐवजी दगडी भिंत रची. आत घर, मुलेबाळे आणि वेळप्रसंगी गुरेही. कारण गाय हीच दौलत, अन् गुरे पळवणारे फार.

अशा सुमारे ४५,००० गढ्यांची तिथे नोंद आहे. केरी परगण्यातल्या स्टेग गढीची भिंत पाच मीटरहून उंच, चार मीटर रुंद. पण चुन्याचा थेंब नाही, नुसता दगडावर दगड.

या गढ्या राखल्या कुणी? शेतकऱ्यांनीच! आत अदृश्य माणसे राहतात, तिथे नांगर घातला तर घरावर संकट येते, असा समज होता. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नांगर वळसा घालून गेला. विसाव्या शतकात यंत्रे आली, भीती ओसरली आणि कितीतरी गढ्या सपाट झाल्या. १९३० पासून कायदा आहे. पण बांधावर रोज उभा असतो तो शेतकरी, कायदा नव्हे.

तुमच्यापैकी कुणाची मुले तिकडे असतील तर त्यांना कळवा : गढी बहुधा कुणाच्या तरी शेतात असते. विचारून आत जा, फाटक लावून घ्या, भिंतीवर चढू नका. एक दगड निखळला की शेजारचेही ढिले होतात.

भीती गेली, बरेच झाले. पण राखण करायला भीतीच लागावी का?