शाळेचा अभिमान आणि आमचा गल्ला

मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामचे नाव निघाले की आम्हा व्यापाऱ्यांची छाती फुगते. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी व सहकाऱ्यांनी स्थापलेल्या या संस्थेच्या शाळेत फळांच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव युसूफ खान शिकले. पुढे ते दिलीपकुमार झाले. बेस्टच्या बसचालकाचा मुलगा वसीम जाफर इथलाच. २००६ मध्ये अँटिग्वा कसोटीत त्याने २१२ धावा काढल्या.

आणि आम्ही काय करतो? मुलगा आठवीत गेला की त्याला गल्ल्यावर नाहीतर कारखान्यात बसवतो. एका नोकराचा पगार वाचतो, मुलाचे शिक्षण बुडते. हा सौदा तोट्याचा आहे. प्रत्येक मुलगा नामवंत होणार नाही. पण शिकलेला मुलगा दुकानही नीट चालवील. बंधूंनो, निदान दहावीपर्यंत त्याचे दप्तर काढून घेऊ नका.