बोलकी विमाने आणि घरातले बोलणे

अलीकडे नांदेड-लातूरकडील पुष्कळ घरांतून एक तक्रार ऐकू येते. तीन-चार वर्षांचे मूल सायंकाळी शुभंकरोतीच्या वेळी देवापुढे बसावयाचे सोडून दूरचित्रवाणीपुढे जाऊन बसते. आणि तेथे पाहते काय, तर माणसाप्रमाणे हसणारी, रुसणारी व बोलणारी विमाने! आजोबांचा आक्षेप असा की, निर्जीव यंत्र बोलते असे दाखविणे म्हणजे मुलाच्या बुद्धीस खोट्याची सवय लावणे होय. आईची काळजी निराळी. मुलाच्या तोंडी इंग्रजी व हिंदी वाक्ये येऊ लागली आहेत, तेव्हा त्याची मराठी कच्ची राहील, अशी तिला धास्ती वाटते. दोन्ही आक्षेप मुलाच्या हितबुद्धीनेच घेतलेले असल्यामुळे त्यांचा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

आजोबांच्या आक्षेपापासून आरंभ करू. ज्या घरात चिऊ-काऊच्या गोष्टीवाचून मूल घास गिळत नाही आणि जेथे करटक-दमनक हे कोल्हे राजनीती शिकवितात, त्या घराने बोलत्या विमानास नावे ठेवावी, हे थोडे विचित्रच दिसते. मूल उंबरठ्यास अडखळून पडले की, आजीच त्या उंबरठ्यास चापट मारून ‘हात रे!’ म्हणते ना? झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मुलांशी बोलून असे दाखविले की, लहान वयात सूर्य, वारा, नदी, गाडी या साऱ्यांना इच्छा व जाणीव आहे असेच मूल मानते. वयाबरोबर ही समजूत आपोआप गळून पडते. कोल्हा बोलतो हे ऐकून आपण खोटे बोलावयास शिकलो नाही. विमानाचे बोलणे ऐकून नातूही शिकणार नाही.

शिवाय ही कल्पना कालपरवाची नव्हे. १९४२ साली वॉल्ट डिस्नेच्या संस्थेने एका चित्रपटात पेद्रो नावाचे बालविमान दाखविले होते. त्याला विमानरूपी आई-बाप असून, आपल्या वडिलांच्या ऐवजी आंदीज पर्वत ओलांडून टपाल आणण्याचे काम ते करते. २०१३ साली त्याच संस्थेच्या नावाने निघालेल्या ‘प्लेन्स’ या चित्रपटाचे नायकपद एका फवारणीच्या विमानाकडे होते, ईशानी या भारतीय विमानास प्रियांका चोप्रा यांनी आवाज दिला होता आणि त्या चित्रपटाचे चित्रकाम करणाऱ्या प्राणा स्टुडिओजची चित्रशाळा आपल्या मुंबईतही होती. २०१४ साली दक्षिण कोरियात सुरू झालेली ‘सुपर विंग्स’ ही मालिका तर पोरांच्या विशेष आवडीची. तिच्यातील जेट नावाचे तांबडे विमान प्रत्येक भागात एखाद्या देशातील मुलाला पार्सल पोचविते, तेथील भाषेत रामराम घालते, आणि काही अडचण उपजली की मित्रविमानांस हाक मारते. परोपकार, मैत्री आणि परक्या देशाविषयी कुतूहल यांत निंद्य असे काय आहे?

आता आईच्या काळजीकडे वळू. परभाषा कानी पडल्याने मातृभाषा बुडते, हे निदान मराठवाड्याने तरी मानू नये. आपले आजे-पणजे निजामी राजवटीत उर्दूतून शिकले. १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच होई. देगलूरच्या बाजारात तेलुगू कानी पडे, उदगीर-निलंग्याकडे कानडी; आणि घरी आल्यावर ओवी, आरती, भांडण व लाड सारे मराठीत चाले. चार भाषा येऊनही त्यांची मराठी शाबूत राहिली, कारण माजघरात त्यांच्याशी मराठीत बोलणारी माणसे होती. शाळा परभाषेची असली तरी घर मुके नव्हते.

या अनुभवास शास्त्राचाही आधार आहे. पॅट्रिशिया कूल या अमेरिकन विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसे बारा वेळा बसविली. त्यांनी बालकांस पुस्तके वाचून दाखविली व खेळविले. ती बालके चिनी भाषेतील सूक्ष्म ध्वनिभेद ओळखू लागली. दुसऱ्या बालकांस तशाच बैठकी पडद्यावर दाखविल्या. त्यांच्या पदरी काहीही पडले नाही. भाषा तीच, पुस्तके तीच. उणे होते ते जिवंत माणूस.

दोषाचे खरे स्थान येथे आहे. विमान बोलते, हा त्याचा अपराध नव्हे. ते उत्तर देत नाही, ही त्याची उणीव होय. आजीच्या गोष्टीत मूल ‘मग?’ म्हणून अडविते, आणि आजी थांबते, कधी मुलाच्या हट्टाखातर मेलेल्या कावळ्यास जिवंतही करते. पडद्यावरील विमान कोणासाठी थांबत नाही. जे चित्रकार हे मर्म जाणतात त्यांची कृती चिरकाल टिकते. विजया मुळे यांनी १९७४ साली केलेला ‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा छोटा बोलपट आठवावा. धाकटा भाऊ प्रश्न विचारतो आणि ताई त्यास समजावून सांगते, एवढाच त्याचा विषय. परंतु तो पाहिलेल्या मुलांस प्रौढपणीही त्याचा विसर पडला नाही.

म्हणून दूरचित्रवाणी फोडून टाकावी असे आम्ही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, एक वर्षाखालील बालकास पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसातून एक तासाहून अधिक दाखवू नये. कमी दाखविल्यास अधिक चांगले. ही मर्यादा अवश्य पाळावी. पण त्याहून महत्त्वाचे हे की, मुलास पडद्यापुढे एकटे सोडू नये. घास सुखाने भरविता यावा अथवा मोठ्यांची कामे निर्वेध उरकावी म्हणून भ्रमणध्वनी हाती देणे ही सोय आपली असते, मुलाची नव्हे. एकत्र कुटुंबात तर आजोबा, काकू, आत्या यांपैकी कोणी ना कोणी जवळ बसू शकते. भाग संपला की यंत्र बंद करावे आणि विचारावे, ‘ते विमान आपल्या नांदेडला उतरले असते, तर काय घेऊन आले असते रे?’

मग घरीच पार्सलाचा खेळ मांडावा. आजोबांचा चष्मा काकूकडे आणि काकूचा निरोप माळीवरच्या काकांकडे मुलाने पोचवावा; देगलूरला गेले तर ‘बागुन्नारा?’ म्हणावे, कंधारला गेले तर ‘नमस्कार’. आणि आजोबांनी सांगावे की, २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेडहून हैदराबादेस ‘उडान’ योजनेतील विमान निघाले. त्याआधी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूर तहानेने व्याकूळ झाले असता मिरजेहून रेल्वेगाडी पाण्याचे पार्सल घेऊन आली. पहिल्याच खेपेस तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते, आणि लोक तिला ‘जलदूत’ म्हणत. ‘ती गाडी लातूरला आल्यावर काय बोलली?’ असे नातवाने विचारले, तर आजोबांनी ‘यंत्रे बोलत नसतात’ असे म्हणू नये. त्यांनी गाडीचा आवाज काढून उत्तर द्यावे. त्या उत्तराची मराठी नातू जन्मभर बोलेल.