हसवणारा माणूस घरी कसा असतो?

१९९० साली सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ हे आत्मकथन प्रसिद्ध झालं तेव्हा त्यांचे पती, विनोदी लेखक पु. ल. देशपांडे, म्हणजे पुलं, हयात होते. पुस्तकावरून बराच गदारोळ झाला. चाळीतल्या माणसांच्या बारीकसारीक लकबी टिपणारा हा माणूस घरातल्या व्यवहाराकडे मात्र ढुंकून पाहत नाही, हे अनेकांच्या पचनी पडेना. करारमदार, हिशेब, मुद्रितं तपासणं, सगळं सुनीताबाईंच्या गळ्यात. काही वाचकांना पुलंनी फसवल्यासारखं वाटलं, काहींनी बाईंनाच दोष दिला. (दुसऱ्यांची संख्या जास्त असावी, असा माझा संशय.)

मला दोन्ही मतं चुकीची वाटतात. रंगमंचावरचे पुलं खोटे नव्हतेच. आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत त्यांनी गावोगाव सभा घेतल्या, तिथेही तोच मिश्कील माणूस उभा होता. फक्त तो पूर्ण माणूस नव्हता, आणि तसा दावा त्यांनी कधी केलाही नव्हता.

दादा कोंडक्यांचं उलट. पडद्यावर ढगळी अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी आणि बावळट चेहरा. पण १९७१ साली ‘सोंगाड्या’ काढणारा निर्माता बावळट असेल कसा? त्यांना प्रेक्षकाची नाडी नेमकी ठाऊक होती.

या अंकात विनोदवीरांच्या घरच्या मंडळींनी सांगितलेल्या आठवणी आहेत. काही गोड आहेत, काही कडू. कडू वाचून लगेच त्यांची पुस्तकं रद्दीत घालू नका, एवढीच विनंती.