पोरखेळ आणि पाठचिकित्सा

उपनगरातल्या एका महाविद्यालयात भरलेल्या मराठीच्या चर्चासत्रात एका विद्यार्थ्याने 'माइनक्राफ्ट' या संगणकीय खेळातील हरवलेल्या जगांच्या शोधावर निबंध वाचायला घेतला. पाच मिनिटांत अध्यक्षांनी त्याला थांबवले. साहित्याच्या व्यासपीठावर असला पोरखेळ नको, असे ते म्हणाले आणि सभागृह हसले. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल केलेले बरे. पुढे तो निबंध आम्ही मागून घेतला, वाचला, आणि आपल्या हसण्याची आम्हाला लाज वाटली.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. त्यातले डोंगर, नद्या, गुहा असे अफाट जग एका संख्येतून निपजते. तिला 'सीड', म्हणजे बीज, म्हणतात. खेळाची आवृत्ती तीच असेल तर त्या बीजातून पुन्हा तोच भूप्रदेश उभा राहतो. आवृत्ती बदलली की त्याच बीजातून निराळेच जग उगवू शकते. या खेळासोबत 'पॅक.पीएनजी' नावाचे एक चिमुकले चित्र येई, अवघे १२८ गुणिले १२८ बिंदूंचे. त्यात दिसणाऱ्या जगाचे बीज कोणालाच ठाऊक नव्हते. हौशी मंडळींनी त्यातली झाडे, फुले, पाण्याची धार, ढगांची ठेवण अशा खुणा ताडून पाहिल्या, स्वयंसेवकांच्या संगणकांची फावली शक्ती एकत्र केली आणि सप्टेंबर २०२०मध्ये ते शोधून काढले.

ही पाठचिकित्सा नव्हे तर काय? मूळ हरवलेले, हाती एक धूसर प्रत, आणि तिच्यातल्या प्रत्येक खुणेची साक्ष घेऊन मागे मागे जाणे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे वाक्य आम्ही प्राध्यापक दरवर्षी पाठ करवून घेतो. ती शुद्ध करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे वर्गात कोणी विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही. ते काम आम्ही सोडून दिले. ते इतर कोणी मन लावून करू लागले की आम्ही हसतो.

खेळ यांत्रिक आहे, साहित्यकृती मानवी आहे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, पण निबंधकाराने तो आधीच ओळखला होता. सापडलेले बीज घालून पाहता येते, जग जुळले की वाद मिटतो. संपादकाला असे भाग्य नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतले, १,२५९ हस्तलिखिते धुंडाळली, तेव्हा १९६६मध्ये ते पुरे झाले. तरीही व्यासांची मूळ संहिता हाती आली, असा दावा वि. स. सुखटणकरांनी केला नाही. हस्तलिखितांच्या आधारे जिथवर मागे जाता येते तिथवरचा पाठ, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

हाच संयम आम्हाला त्या पोराच्या लेखनात दिसला. संगणक बिघडल्याने त्याचे लहानपणीचे जग पुसले गेले होते. जुन्या एका चित्रावरून त्याने बीज शोधले, टेकडी परत आली, नदी परत आली. धाकट्या बहिणीबरोबर त्या टेकडीवर बांधलेले घर आले नाही. माणसाने रचलेले बीजात नसते, एवढे त्याने लिहिले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला. उसासा नाही, रूपक नाही. आमच्यापैकी कोणी असते तर त्यावर तीन पाने खर्ची घातली असती!

हा मुलगा अंधेरीचा. तिथे गिल्बर्ट हिल नावाचा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा बेसाल्टचा सुळका उभा आहे. त्याच्या भोवतालचा दगड खाणींनी खाल्ला. त्या गेलेल्या दगडाला कुठलेही बीज नाही, हे त्याला शाळेच्या वाटेवर रोज दिसत असे. हरवणे म्हणजे काय, कितपत परत मिळते आणि कुठे थांबायचे, हे प्रश्न त्याला कोणी शिकवावे लागले नाहीत. तो मराठी विभागात आला ते हेच प्रश्न घेऊन, आणि आम्ही त्याला व्यासपीठावरून उतरवले.

यंदा पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला आम्ही तो निबंध वाचायला देत आहोत. एक प्रत अध्यक्षमहोदयांनाही पाठवली होती. पोच अद्याप आलेली नाही.