सीताफळाचा स्विस रोल

दिवाळीत आमच्या बुलढाण्याच्या बाजारात सीताफळांच्या टोपल्या दिसू लागतात. पहिल्या खेपेस मी त्यांचा गर जॅमसारखा आटवला आणि तो चक्क कडू झाला! ऐन भाऊबीजेला भावापुढे नुसता केक ठेवावा लागला. सीताफळाला आच सोसत नाही, हे तेव्हा कळले.

साहित्य : ३ अंडी, पिठीसाखर व मैदा प्रत्येकी ७५ ग्रॅम, २ पिकलेली सीताफळे, अर्धी वाटी चक्का, थोडे लिंबू.

कृती : गर चाळणीवर हलकेच घासून घ्यावा. बिया विषारी असतात, म्हणून त्या मिक्सरमध्ये घालू नयेत. गरात चक्का व लिंबाचे चार थेंब मिसळून गार ठेवावे.

अंडी व साखर दाट, पांढरट होईपर्यंत फेसावी. ही हवाच केक फुलवते. म्हणून चाळलेला मैदा हलक्या हाताने मिसळावा. १२ × ८ इंची ट्रेमध्ये तूप लावलेला कागद घालून मिश्रण पसरावे व २०० अंश सेल्सिअसला सुमारे १० मिनिटे भाजावे.

साखर भुरभुरलेल्या कागदावर केक लगेच उपडा करावा, तळचा कागद सोलावा, कडक कडा कापाव्यात आणि गरम असतानाच कागदासकट गुंडाळावे. गार केक गुंडाळायला गेलात, तर तडे जातील. पूर्ण निवल्यावर उलगडून सारण पसरावे, पुन्हा गुंडाळावे व तासभर फ्रिजमध्ये ठेवून कापावे.

त्याच दिवशी संपवावा. पण ते सांगायला नकोच!