‘बिल्ड सक्सेस’वर विसंबू नका

जावातला प्रोग्रॅम ग्राहकाला मिळतो तो जार फाइलच्या रूपात, आणि जार म्हणजे शेवटी झिपच. कुणीही उघडावी, डीकंपायलरला द्यावी आणि जवळपास मूळ कोड वाचत बसावं. म्हणून कंपन्या ऑबफस्केशन करतात, म्हणजे कोडमधली नावं मुद्दाम निरर्थक करून टाकतात. एरिक लाफॉर्चून यांचं 2002 साली आलेलं प्रोगार्ड हे त्यातलं सर्वपरिचित साधन. ते चालवलं की ‘इनव्हॉइस कॅल्क्युलेटर’ नावाचा क्लास नुसता ‘ए’ होऊन बसतो.

घोळ होतो तो बिल्डचं साधन बदलताना, उदाहरणार्थ अँट सोडून मेव्हनकडे जाताना.

अँटमध्ये क्रम आपल्या हाती असतो: कंपाइल, मग जार, मग प्रोगार्ड, मग डिजिटल सही. मेव्हनमध्ये टप्पे आधीच ठरलेले. ‘पॅकेज’ या एकाच टप्प्यावर प्रोगार्डचं प्लगिन आणि लायब्ऱ्या एकत्र बांधणारं शेड प्लगिन अशी दोन्ही येऊन उभी राहतात. प्रोगार्डने आपली जार वेगळ्या नावाने ठेवली, तर शेड बिनदिक्कत मूळ जार उचलतं. टर्मिनलवर ‘बिल्ड सक्सेस’ झळकतं आणि ग्राहकाकडे उघडावाघडा कोड रवाना होतो! सही आधी आणि ऑबफस्केशन नंतर झालं, तर निदान पडताळणीत बोंब तरी होते. इथे कुणाला पत्ताच लागत नाही.

‘मॅपिंग’ फाइलचंही तसंच. कुठल्या ‘ए’चं मूळ नाव काय, हे तीच सांगते, ती नसेल तर ग्राहकाने पाठवलेला एररचा मजकूर म्हणजे नुसती बाराखडी. नव्या बिल्डमध्ये ती बहुधा ‘टार्गेट’ फोल्डरमध्ये पडते आणि पुढच्या ‘क्लीन’ कमांडसरशी साफ होते. या नकाशाचं मोल माइनक्राफ्ट हा गेम बनवणाऱ्या मोयांगला कळलं होतं: गेमचे मॉड बनवणाऱ्यांसाठी कंपनीने 2019 पासून तो स्वतःच जाहीर करायला सुरुवात केली.

तरीही असं स्थलांतर ‘दोन दिवसांचं काम’ म्हणून टीममधल्या सर्वांत नवख्याच्या गळ्यात मारलं जातं. हे चूक आहे. जुनी आणि नवी जार शेजारी ठेवून तपासल्याशिवाय ते पूर्ण झालं असं कुणी म्हणू नये. त्याला महागडं साधनही लागत नाही. तयार जारमधल्या फाइलींच्या यादीत ‘इनव्हॉइस कॅल्क्युलेटर’ हे मूळ नाव सापडलं की बिल्ड तिथेच पाडायचा, एवढी चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. आणि मॅपिंग फाइल त्या आवृत्तीच्या क्रमांकासह वेगळी जपायची.