रीतिभूतकाळाची राखण

'वडील सायकलने कारखान्यात जात होते' आणि 'वडील सायकलने कारखान्यात जात असत' ही वाक्ये समानार्थी नाहीत. पहिले ऐकणारा वाटेत पुढे काय घडले याची वाट पाहतो. दुसऱ्यात 'रोज' हा शब्द नसूनही एका माणसाचा नित्यक्रम सांगून होतो. आपल्या व्याकरणाने या दुसऱ्या अर्थाला रीतिभूतकाळ असे स्वतंत्र नाव दिले आहे.

भिलाईत हा भेद विशेष जपावा लागतो. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. मराठी येथे परकी नव्हे. १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासूनच्या आठवणी घराघरांत आहेत, पण त्या सांगताना हिंदी सतत कानाशी असते. हिंदीत हा भेद नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 'जाते थे' म्हणजे रीत आणि 'जा रहे थे' म्हणजे चालू क्रिया, हे हिंदी काटेकोरपणे पाळते. घोटाळा रूपसाम्याचा आहे. 'थे'च्या जागी 'होते' ठेवले की 'जाते थे'चे 'जात होते' होते, आणि आयुष्यभराची रीत एका दिवसाची घटना बनते.

तर्काच्या पायावर रचलेल्या लोजबान या कृत्रिम भाषेशी येथे तुलना उद्बोधक ठरेल. १९८७ पासून आकारास आलेल्या या भाषेत सवयीसाठी 'ताहे', सामान्यतः घडणाऱ्यासाठी 'नाहो' आणि नियमित अंतराने घडणाऱ्यासाठी 'दिही' असे निरनिराळे शब्द आहेत. मात्र ते वापरलेच पाहिजेत असे बंधन नाही. ते गाळूनही वाक्य शुद्ध राहते. मराठीत रीत क्रियापदाच्या रूपातच मुरलेली आहे. ज्ञानेश्वरांच्या काळी 'करी' हे वर्तमानाचे रूप होते. पुढे तेच गतकाळातील रीत सांगू लागले. 'जात असे' यातील 'असे' हेही मुळात रीतिभूताचेच रूप. शिवाय 'जाई'त कथनाची लय आहे, 'जात असे'त प्रौढ तटस्थता आहे आणि 'जायचा'त घरगुती जवळीक आहे. लोजबानच्या तीन शब्दांत अर्थाची वाटणी आहे. आपल्या तीन रूपांत सांगणाऱ्याचे त्या काळाशी असलेले नातेही उमटते.

म्हणून अनुवादकांनी आणि आठवणी टिपणाऱ्यांनी रूपाला रूप न जुळवता अर्थाला अर्थ जुळवावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे. कारखाना उभारणाऱ्या पिढीच्या आयुष्यात नाट्यमय घटना थोड्या. पाळ्या, डबे, सायकली आणि रात्रीची जागरणे हेच तिचे चरित्र. ते 'होते'त उतरवले तर तपशील राहतील, पण त्यांच्यामागची वर्षे हरवतील.